उजव्या खांद्याची दोरी

माझं पोट दुखत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी साळसूद समजायला नको. धाकट्या बहिणीचं चांगलं झालेलं ज्यांना बघवत नाही अशा बायका असतात ना, त्यातली मी एक. तीन वर्षं हे दुखणं घेऊन फिरत होते, आणि वरून हसत होते.

मी शिंपीण आहे. पोलीस मुख्यालयासमोर रस्त्याच्या पलीकडे माझं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं मी फक्त वर्दी शिवते. कुणी फ्रॉक घेऊन आलं तर सरळ परत पाठवते. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं. दाराशी पाटी आहे: ओळखपत्र दाखवल्याशिवाय वर्दी शिवून किंवा दुरुस्त करून मिळणार नाही. त्याखाली बारीक अक्षरात कलमं आणि शिक्षा, ठाण्यातूनच छापून आलेली. पाटी मी रोज पुसते. खालची बारीक अक्षरं कधी वाचली नव्हती, कारण ती आपल्यासाठी असतात असं कुणाला वाटतं?

धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती आणि मी मशीनवर बसले. तिची शाळा, कॉलेज, सगळं त्या मशीनच्या पायडलवर झालं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पुढचं. बाईसाहेबांनी स्वतःच लग्न जमवलं, आणि नवरा कोण, तर पोलीस सब-इन्स्पेक्टर! गुप्त शाखेत. म्हणून मुख्यालयात कधी दिसत नाही, म्हणून फार विचारायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात 'जावई' म्हणजे एकच. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. इतका गरीब माणूस की बंद पडलेल्या घड्याळालाही कधी रागानं आपटत नाही. पण आईच्या लेखी ते जावई नव्हते, 'हिचे मिस्टर' होते.

आईच्या बैठकीच्या खोलीत साहेबांचा वर्दीतला फोटो, काचेच्या चौकटीत. माझ्या लग्नाचा फोटो कपाटात, चादरींच्या खाली. हात टेकायची खुर्ची साहेबांची. ते नसले तरी तिच्यावर कुणी बसायचं नाही. मी दिवसभर मशीन मारून आईकडे गेले की, "आलीस? जरा तेवढी भांडी बघ." धाकटी आली की, "दमली असशील गं, बस." कशानं दमली असेल? साहेबांची बायको असण्यानं?

आणि तो दवाखाना! आईचा गुडघा धरला होता. मी पहाटेच तिला घेऊन गेले, चौऱ्याहत्तरावा नंबर मिळाला. दुकान बंद ठेवून मी दुपारी दोनपर्यंत तिथे बसले, आणि एकाहत्तराव्या नंबरला डॉक्टर उठून गेले. दुसऱ्या दिवशी साहेब तिला घेऊन गेले, वर्दीत. काउंटरवर म्हणाले, "पोलीस खात्यातून आलोय, तातडीचं आहे," आणि दहा मिनिटांत आई तपासून बाहेर. दहा मिनिटं! आईनं ही गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली, दूधवाल्याला दोनदा. माझे आठ तास कुणालाच सांगितले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बोलणार काय? आईचा गुडघा तर बरा झाला ना.

मग लेकीच्या शाळेचं निघालं. माझी लेक सहावीत. शाळेत रहदारीच्या नियमांचा कार्यक्रम होता आणि बाईंनी विचारलं, पोलीस खात्यातलं कुणाच्या ओळखीचं आहे का? माझ्या पोरीनं हात वर केला. "माझे काका इन्स्पेक्टर आहेत." झालं, साहेब प्रमुख पाहुणे.

मी तिला म्हटलं, "अगं, अर्धं पोलीस खातं तुझ्या आईच्या दुकानात येतं. माझं नाव नाही घेतलंस?"

"तू शिवतेस गं आई," ती म्हणाली. "तू पोलीस थोडीच आहेस."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला ते असं झोंबलं की रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी धाकटी साहेबांची वर्दी घेऊन दुकानात आली. शनिवारी कार्यक्रम, आणि कमरेत घट्ट होतेय. तीन वर्षांत ती वर्दी पहिल्यांदाच माझ्या हाती आली; गुप्त शाखेचा शिंपी वेगळा असतो, असं साहेब म्हणायचे.

"ओळखपत्राची प्रत आणलीस का?" मी म्हटलं. निम्मं चेष्टेत, निम्मं खवचटपणानं.

"घरच्या माणसाला कसलं गं ओळखपत्र," ती म्हणाली, पण हसली नाही. चहा घेतला, तरी जायचं नाव घेईना. स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, साहेबांची वर्दी मी खराब करीन अशी भीती वाटतेय हिला. म्हटलं, "जा आता, उद्या ने. मी काही खात नाही ती."

ती गेल्यावर मी वर्दी उलटी केली आणि उसवायला घेतली. आणि माझा हात थांबला.

वर्दीचं कापड सरकारी असतं. त्याच्या काठावर शिक्का असतो, शिवणीत दडवला तरी उसवल्यावर दिसतो. इथे शिक्का नव्हता. बाजारातलं पँटचं कापड, रंग तेवढा जुळवलेला. बरं, कधी कधी अधिकारी लोक हौसेनं चांगलं कापड घेतात, म्हणून मी पुढे बघितलं. पिस्तुलाच्या पट्ट्यानं उजव्या कमरेला कापडाला तुळतुळीत चकाकी येते, ती नाही. कॉलरच्या आत घामाची रेघ नाही. खांद्यावरच्या पट्टीवर तीन स्टारची तीन भोकं, कोरी करकरीत. गेल्या वर्षी बढती मिळून इन्स्पेक्टर झाले म्हणून आईनं केवढं कौतुक केलं होतं. आधी दोन स्टार होते ना? मग दोन स्टारची जुनी भोकं कुठे गेली? अठरा वर्षांत मी हजारो वर्द्या हाताळल्या. ही नोकरीवर एक दिवसही गेलेली नव्हती. ही फक्त आमच्या घरी जेवायला आलेली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? उसवलेली विजार मांडीवर घेऊन मी एकटीच हसत बसले. तीन वर्षं सगळ्यांना शेंडी लावली बेट्यानं! ती खुर्ची, तो फोटो, ती दहा मिनिटं, सगळं नकली.

मग प्रश्न आला, सांगायचं कुणाला? आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुझं पोट दुखतंय. आणि ते खरंच होतं. धाकटीला सांगायचं? दार लावून, हात धरून, हळूच? तेच करायला हवं होतं. मोठी बहीण होते ना मी. पण मला ते हळूच नको होतं. जे कौतुक चारचौघांत झालं, त्याचा फज्जाही चारचौघांत उडायला हवा होता.

शिट्टीची दोरी अडकवायला खांद्याच्या पट्टीखाली कापडाचा छोटा लूप असतो. अधिकाऱ्यांचा डाव्या खांद्याला. उजव्या खांद्याला दोरी असते ती फक्त पोलीस बँडवाल्यांची. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. आतल्या माणसाला विचारावं लागत नाही, त्याचा हात सवयीनं डावीकडे जातो. मी कंबर सैल केली, इस्त्री केली, आणि डाव्या खांद्याचा लूप काढून उजव्या खांद्याला लावला. इतका सुबक लावला की कुणी म्हटलं नसतं नंतर लावलाय. मनाशी म्हटलं, लोक हसतील, जरा नाक कापलं जाईल, बस. याहून जास्त माझ्या मनात काही नव्हतं. पण याहून कमीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. तिनं घडी उलगडून बघितली आणि मला विचारलं, "सगळं ठीक आहे ना, ताई?"

"एकदम झकास," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत आई, धाकटी आणि मी. लेक स्टेजवर, स्वागताचं भाषण पाठ करून आलेली. ठाण्यातून एक हवालदार आले होते, रहदारीच्या खुणांचे फलक घेऊन. ते माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. लिखाणाच्या टेबलावर बसतात, आणि शाळांमधून व्याख्यानंही देतात. साहेब दारातून आत आले. तीन स्टार बघून हवालदारांचा हात आपसूक सॅल्यूटला वर गेला, आणि कपाळापर्यंत पोचायच्या आत, उजव्या खांद्यावरची दोरी दिसताच, थबकला.

"साहेब," ते अदबीनं म्हणाले, "आपण बँडचे का?"

साहेबांना वाटलं असेल, काहीतरी मानाचं विचारतायत. छाती काढून म्हणाले, "हो, हो."

"कोणतं वाद्य?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बँडमध्ये तीन स्टारवाला कुणी नसतोच. हवालदारांनी हळू आवाजात नेमणुकीचं ठिकाण विचारलं, मग भरतीचं वर्ष, मग वरिष्ठांचं नाव. एकाचंही उत्तर धड येईना. हवालदारांनी त्यांचा दंड धरला तो सभ्यपणानंच, पण सोडला नाही. सगळा हॉल उठून बघायला लागला.

मला हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, तरी आलंच. तेवढ्यात वर नजर गेली, तर स्टेजवरून माझी लेक माझ्याकडे बघत होती. कागद हातात, तोंड पांढरं पडलेलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. तिला घ्यायला पुढे गेले तर ती बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. आमच्या ह्यांना बोलावून घेतलं, तेव्हा त्यांच्याबरोबर घरी गेली.

दुपारी आम्ही सगळे ठाण्यात. वर्दी पुरावा म्हणून काढून घेतली होती, साहेबांच्या अंगात कुणाचातरी ढगळ सदरा. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. बिस्किटांच्या गोदामात पहारेकरी आहे म्हणाले. भरतीला तीनदा गेलो, तिन्ही वेळा छाती कमी भरली. घरी सांगायची लाज वाटली, मग एक खोटं लपवायला दुसरं. कधी कुणाकडून काही घेतलं नाही म्हणाले, फक्त मान मिळायचा. ऐकून मला क्षणभर वाईट वाटलं. मानासाठी माणूस काय काय करतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

हवालदार बाहेर टेबलाशी येऊन बसले. धाकटी समोरच्या बाकावर, खाली मान घालून.

"घाबरू नका," ते तिला म्हणाले. "नुसती वर्दी अंगात घातली असेल, तर कलम साधं आहे. तीन महिने, नाहीतर दंडावर सुटतात. शाळेत तर भाषणाला तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण पोलीस म्हणून कुठे काही काम करून घेतलं असेल, तर कलम बदलतं. मग तीन वर्षांपर्यंत." त्यांनी आमच्या तिघींकडे बघितलं. "तसं काही तुमच्या माहितीत आहे का?"

धाकटीनं नाही म्हणून मान हलवली. दवाखान्यात आईचा नंबर लवकर लागला एवढंच तिला माहीत होतं, काउंटरवर ते काय म्हणाले हे नाही. आईला सगळं माहीत होतं. आई चटकन म्हणाली, "नाही हो, काही नाही." आणि सरकून धाकटीला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "माझं गरीब लेकरू ते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. काय नशिबी आलं गं बाई तुझ्या!"

बाकावर दोघींचीच जागा होती. मी उभी होते. सकाळपासून उभीच होते, आणि कुणी मला बस म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, आज तरी आई म्हणेल की मोठीचा नवरा साधा, पण खरा. म्हणेल की मी चुकले. छे! तीन वर्षं कौतुक हिचं, आणि आता कळवळाही हिचाच. हिचं चांगलं झालं तरी हीच, वाईट झालं तरी हीच. माझी पाळी कधी यायची? जळत होते मी, बाकासमोर उभी राहून, सख्ख्या बहिणीच्या दुःखावर जळत होते.

"दवाखान्यात घेतलं होतं काम करून," मी म्हटलं.

आईचा हात तिथेच थांबला. "अगं गप!"

मी गप बसले नाही. कोणता दवाखाना, कोणता वार, काउंटरवर काय म्हणाले, आधी किती माणसं बसली होती, सगळं सांगितलं. मला सगळं पाठ होतं. रोज मनात घोकत होते ना! हवालदारांनी एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मी सही केली. टपोरी, नेहमीसारखी.

 मग धाकटीनं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"ताई, तू वर्दी उसवली होतीस ना? तुला तेव्हाच कळलं असणार."

मी टेबलावरचा कागद सरळ केला.

"मला वर्षभर शंका येत होती," ती म्हणाली. "ना कुणी सोबती घरी येतो, ना कधी रात्रीचं बोलावणं, ना बदलीचं नाव. त्यांना विचारायची हिंमत नव्हती. आईला विचारून काय उपयोग? म्हणून वर्दी तुझ्याकडे आणली. कंबर काही इतकी घट्ट नव्हती. म्हटलं, ताईच्या हातून खोटी वर्दी निसटायची नाही. ती बघेल आणि मला एकटीला सांगेल. मग मीच त्यांना कसंतरी यातून बाहेर काढीन." तिचा आवाज तेव्हा फुटला. "तू म्हणालीस, झकास. माझ्या जिवात जीव आला गं. ते शाळेत जायला तयारच नव्हते. आजारी पडतो म्हणत होते. मी मागे लागले. म्हटलं, भाचीचा हिरमोड करू नका."

  तिच्याकडे बघवेना म्हणून हवालदारांकडे वळले आणि म्हटलं, "तो कागद फाडा."

"असं कसं फाडता येईल, ताई? सही झाली."

"मी रागात बोलले."

"खोटं बोललात का?"

खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. एक शब्द खोटा नव्हता, आणि त्यातला एकही शब्द मी खऱ्यासाठी बोलले नव्हते.

"मग अजून लिहा," मी म्हटलं. "वर्दी मी दुरुस्त केली. ओळखपत्र न बघता. खोटी आहे हे मला मंगळवारीच कळलं होतं. लूप मी हलवला, मुद्दाम."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. अठरा वर्षांची ओळख, त्यांच्या मुलाची पहिली वर्दी मी शिवलेली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय का काय बोलताय? माहीत असून खोटी वर्दी हाती दिली, म्हणजे तुमच्यावरही कलम लागतं. दुकानाचा परवाना तर गेलाच समजा. घरी जा, शांतपणे विचार करा, उद्या या."

उद्या! स्वतःला ओळखत होते मी. रात्रीतून शंभर सबबी शिवून तयार केल्या असत्या, एकीचाही टाका दिसला नसता.

"लिहा म्हणते ना!" मी ओरडले. ठाण्यातले दोघंतिघं वळून बघायला लागले. "का केलं ते पण लिहा. हिचा हेवा वाटत होता म्हणून."

त्यांनी नवा कागद घेतला आणि नाव, वय, धंदा विचारायला सुरुवात केली. धाकटी उठून आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. बाकावर आता जागा झाली होती, पण मी बसले नाही. आई एकटक माझ्याकडे बघत होती, फक्त माझ्याकडे. तिनं असं बघावं म्हणून मी इतकी वर्षं तडफडले, आणि आता मला मान वर करवत नव्हती.